नुसत्या धाकानं तलफ जात नाही

सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं. २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग या चित्रानं आणि त्यासोबतच्या इशाऱ्यानं अडवलेला असतो. पानटपरीवरचा माणूस ते पाकीट घेतो, अंगठ्यानं झाकण उघडतो, एक काढून ओठात धरतो आणि पाकीट खिशात टाकतो. चित्र त्यानं हजारदा पाहिलेलं असतं. घरी आई, बायको, झालंच तर शाळेतून तंबाखूमुक्तीची शपथ घेऊन आलेली मुलगी, सगळ्या एकच विचारतात: एवढं दिसतंय, कळतंय, तरी सोडत का नाही?

कळत नाही असं खरंच नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात दहापैकी नऊहून अधिक प्रौढांनी सांगितलं, की तंबाखूनं गंभीर आजार होतात हे त्यांना मान्य आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या मनात सोडण्याचा विचार होता. म्हणजे माहिती आहे, इच्छाही आहे. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. ते कुठे आणि का अडतं, यावर आरोग्य मानसशास्त्रात गेल्या साठ-सत्तर वर्षांत भरपूर काम झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या घरगुती उपायांची, म्हणजे धाक, शपथ आणि टोमण्यांची, पंचाईत करणारं आहे.

या कामातला एक जुना प्रयोग तंबाखूचा नाहीच, धनुर्वाताच्या लशीचा आहे. हॉवर्ड लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तो केला आणि १९६५ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना धनुर्वातावरची पुस्तिका वाचायला दिली. काहींच्या पुस्तिकेत साधा, सौम्य मजकूर होता. काहींच्या पुस्तिकेत अंगावर काटा येईल अशी वर्णनं आणि फोटो होते. भयंकर पुस्तिका वाचलेली मुलं जास्त घाबरली. लस महत्त्वाची आहे, आम्ही घेणार, असं त्यांनी जास्त ठासून सांगितलं. प्रत्यक्षात लस घ्यायला किती गेली? शंभरात तीनेक. आणि घाबरवलेल्यांत व न घाबरवलेल्यांत म्हणावा असा फरक नव्हता.

फरक केला तो एका नकाशानं. काही विद्यार्थ्यांना पुस्तिकेबरोबर विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा दिला होता, त्यात आरोग्य केंद्राभोवती गोल काढलेला. जोडीला एवढंच सांगितलं होतं, की तुमचं आठवड्याचं वेळापत्रक बघा आणि तिकडून कधी जाता येईल ते ठरवा. या गटातली शंभरात अठ्ठावीसच्या आसपास मुलं लस टोचून आली. गंमत अशी, की ही शेवटच्या वर्षाची मुलं होती. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक असणार. नकाशानं माहितीत काडीची भर घातली नाही. 'घ्यायला पाहिजे एकदा' याचं 'मंगळवारी तास सुटला की जातो' एवढं मात्र केलं.

पण भीती अगदीच वाया गेली असंही नाही. भीतीचा मजकूर न वाचता नुसताच नकाशा मिळालेल्यांपैकी जवळजवळ कुणीच फिरकलं नाही. थोडी भीती लागते. फक्त ती वाटल्यावर पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे लगेच हाताशी नसेल, तर माणूस आजाराचा बंदोबस्त करायचा सोडून भीतीचा बंदोबस्त करतो. चित्रावरून नजर फिरवतो. 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते' हे वाक्य त्याच बंदोबस्ताचा भाग आहे. म्हणून पाकिटावरच्या चित्रापेक्षा त्याच्यासोबत छापलेला क्रमांक मला जास्त मोलाचा वाटतो: १८००-११-२३५६. ही केंद्र सरकारची तंबाखू सोडवण्यासाठीची फोनसेवा. फोन फुकट आहे आणि २०१८ पासून हा क्रमांक पाकिटावर छापणं सक्तीचं आहे. आपल्याकडे चित्राची चर्चा झाली, क्रमांकाची झाली नाही.

आता तलफेकडे वळू. महाराष्ट्रात हा विषय सिगारेटपुरता ठेवला तर मोठा भाग बाहेर राहतो. त्याच सर्वेक्षणात राज्यातले ओढणारे प्रौढ चार टक्क्यांहून कमी निघाले, आणि धुराविना तंबाखू घेणारे २४ टक्क्यांच्या आसपास. मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा, घराघरांतल्या बायकांची मशेरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तिचं काय झालं ते कुठल्याही एसटी स्टँडवर दिसतं.

डबीच्या एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुना. डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखावर जरासा चुना, अंगठ्यानं मळून मळून, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि खालच्या ओठाशी बार भरायचा. यातला चुना चवीपुरता नसतो. चुन्यामुळे तंबाखूचा अल्कधर्म वाढतो आणि तशा अवस्थेत निकोटीन ओठाच्या आतल्या पातळ अस्तरातून रक्तात झपाट्यानं उतरतं. कुठलीही प्रयोगशाळा नसताना लोकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं आहे. सिगारेटला चुना लागत नाही, कारण झुरक्यातलं निकोटीन फुप्फुसांवाटे दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. तिथून ते ओसरतंही लवकर. साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड, चुळबूळ, कामात मन न लागणं. पुढचा बार भरला की सगळं जागेवर येतं.

'टेन्शन आलं की लागते' ही समजूत इथून जन्माला आली आहे. बार भरल्यावर बरं वाटतं हे खोटं नाही, पण जे बरं होतं ते बहुतांशी आधीच्या बारानंच निर्माण केलेलं असतं. तंबाखू न खाणाऱ्या शेजाऱ्याला साहेबाच्या बोलण्याचं टेन्शन असतं. खाणाऱ्याला साहेबाचं आणि शिवाय तलफेचं. २०१४ मध्ये जेमा टेलर आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान सोडलेल्यांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. सोडल्यानंतर लोकांची चिंता, नैराश्य आणि ताण वाढला नव्हता. सोडून न दिलेल्यांच्या तुलनेत तो कमी झाला होता. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही चित्र हेच होतं. पहिले दोन-चार आठवडे मात्र वाईट जातात आणि त्यातले पहिले काही दिवस फारच. हे आधी सांगितलं पाहिजे. न सांगितल्यामुळे माणूस तिसऱ्या दिवशी म्हणतो, 'मला सोसत नाही, माझ्या प्रकृतीला ते मानवत नाही', आणि डबी उघडतो.

सकाळच्या प्रसंगाबद्दलही कुणी बोलत नाही. तंबाखू लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार आपल्याकडे इतकी सर्रास आहे, की अनेकांची पहिली चिमूट आणि शेवटचा अडथळा तोच असतो. डॉक्टरसमोर ती सांगायला लाज वाटते आणि सांगितली तर डॉक्टर हसतात. हसण्यासारखं काही नाही. निकोटीननं आतड्यांची हालचाल वाढते आणि सोडल्यावर काही लोकांना खरोखर बद्धकोष्ठ होतं. ते तात्पुरतं असतं. त्या काही आठवड्यांपुरतं इसबगोल, कोमट पाणी, पालेभाजी, असं काहीतरी आधी ठरवून ठेवलं, तर सोडण्याच्या वाटेतला एक मोठा दगड बाजूला होतो.

दिवसभरातल्या बाकीच्या तलफांच्याही अशाच ठरलेल्या जागा असतात. चहाचा घोट, जेवणानंतरची पाच मिनिटं, पाळी सुटल्यावर गेटबाहेरची टपरी, एखादा विशिष्ट मित्र. तलफ आली की वाटतं ही आता वाढतच जाणार. पण एकेक लाट साधारण काही मिनिटांत ओसरते. म्हणून 'उद्यापासून बंद' या निश्चयापेक्षा 'दुपारचा चहा झाला की टपरीकडे न जाता वरच्या मजल्यावर चक्कर मारायची' हा कोरडा ठराव जास्त कामाचा. 'जेव्हा अमुक, तेव्हा तमुक' अशी आधीच बांधून ठेवलेली जोडी ऐन वेळी डोक्याला विचार करायला लावत नाही. तलफेच्या वेळी विचार केला की तो तंबाखूच्याच बाजूनं होतो.

'एकदम नको, हळूहळू कमी करतो' असंही पुष्कळ जण म्हणतात. ऐकायला समंजस वाटतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ६९७ जणांवर हे तपासलं. अर्ध्यांना दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवून शून्यावर आणलं, अर्ध्यांना ठरलेल्या तारखेला एकदम थांबवलं. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांतले ३९. दोन्ही गटांना निकोटीनचे पॅच आणि समुपदेशनाचा आधार होता, हे विसरू नये. कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात. चघळायच्या निकोटीन गमची कल्पना स्वीडनमधल्या संशोधकांना सुचली ती पाणबुडीतल्या खलाशांवरून. पाणबुडीत विडीकाडी ओढता येत नाही, म्हणून ते तंबाखू तोंडात धरत. आज अशी औषधं आपल्याकडेही मिळतात. आपल्याकडच्या मर्दानी मनाला मात्र औषध घेऊन सोडणं हा कमीपणा वाटतो, आणि मनोनिग्रहाच्या नावाखाली पंचाण्णव टक्के लोक नापास होत राहतात.

नापास हा शब्दही जपूनच वापरायला हवा. सिअ‍ॅटलमधले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी व्यसन सोडलेल्या लोकांचं पाऊल पुन्हा कसं घसरतं याचा बारकाईनं अभ्यास केला. लग्नाच्या वरातीत कुणीतरी दिलेली एक सिगारेट ओढली जाते. नुकसान त्या एका सिगारेटनं फारसं होत नाही. ते होतं तिच्यानंतर मनात येणाऱ्या वाक्यानं: 'गेलं सगळं, माझ्यात दमच नाही.' संकष्टीला चुकून तोंडात शेंगदाण्याऐवजी फरसाण गेलं, की 'आता मोडलाच आहे तर' म्हणून माणूस सरळ ताटावर बसतो, तसं. मार्लॅटच्या उपचारात म्हणून घसरण्याची रंगीत तालीम आधीच करून घेतात: घसरलात तर त्या रात्री काय करणार, कुणाला फोन करणार, उरलेलं पाकीट कुठे टाकणार. कॅनडातल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की कायमचं सुटेपर्यंत लोकांचे तीस किंवा त्याहून जास्त प्रयत्न होऊन गेलेले असू शकतात. 'याचं हे दर वर्षाचंच आहे' असं घरी ज्याला चिडवलं जातं, तो बहुधा बरोबर रस्त्यावर असतो.

संगतीचं महत्त्व मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बारा हजारांवर लोकांची तीस वर्षांची माहिती तपासून निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये दाखवलं, की लोक एकेकटे नाही तर घोळक्यानं सोडतात. नवरा किंवा बायकोनं सोडली तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ घातली की मटण आणि दारू सुटते, ती केवळ श्रद्धेनं नव्हे. माळ साऱ्या गावाला दिसते, कुणी आग्रह करत नाही, पंगत बदलते आणि संध्याकाळी बसायची जागाही बदलते. तंबाखूला बहुतेक ठिकाणी या नियमातून सूट मिळाली, हे मात्र आपलं दुर्दैव. भजनाच्या मध्यंतरात डबी फिरते, आणि तिला कुणी नाही म्हणत नाही.

डॉक्टरच्या एका वाक्यालाही किंमत आहे. मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये लंडनच्या साध्या दवाखान्यांत हे मोजलं. डॉक्टरनं दोन मिनिटं स्पष्ट सांगितलं, पत्रक दिलं आणि 'पुढच्या वेळी विचारणार' असं बजावलं, एवढ्यावर ५.१ टक्के रुग्ण वर्षभर सोडून राहिले; काहीच न सांगितलेल्यांत ०.३ टक्के. आकडा लहान दिसतो, पण रोज साठ रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरनं वर्षभराचा गुणाकार करून पाहावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतवैद्यक विभागाचे फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकारी यांनी तर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केरळातला एर्नाकुलम, गुजरातमधला भावनगर आणि आंध्रातला श्रीकाकुलम या जिल्ह्यांतल्या खेड्यांत ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना गाठलं. दरवर्षी गावात जायचं, तोंड तपासायचं, समजावून सांगायचं. पाच वर्षांत तिथे सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि तोंडात कॅन्सरच्या आधी उमटणारे पांढरे चट्टे घटले. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. खेडुताला समजावून उपयोग नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

आजार झाल्यानंतरची गोष्ट याहून गुंतागुंतीची. लेव्हेन्थल यांनी पुढे आयुष्यभर एका प्रश्नाचा पाठपुरावा केला: रुग्णाच्या मनात स्वतःच्या आजाराचं चित्र कसं असतं? हे काय आहे, कशानं झालं, किती दिवस राहील, पुढे काय होईल, आपल्या हातात काय आहे. प्रत्येक रुग्ण याची उत्तरं मनात तयार करतो, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा त्या उत्तरांप्रमाणे वागतो. रक्तदाबाच्या रुग्णांना त्यांनी विचारलं, दाब वाढलेला माणसाला कळतो का? बहुतेक जण म्हणाले, नाही कळत. तुम्हाला? मला कळतो, डोकं जड होतं. मग डोकं जड नसलेल्या दिवशी गोळी राहून जाते. आपल्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटांत न संपलेल्या गोळ्या राहतात, त्या विसरभोळेपणानं कमी आणि या हिशेबानं जास्त.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एलिझाबेथ ब्रॉडबेंट आणि कीथ पेट्री यांनी हे चित्र शब्दशः कागदावर उतरवून घेतलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना कोरा कागद दिला आणि सांगितलं, झटक्यानंतर तुमचं हृदय कसं झालं असेल ते काढा. कुणी नुसता बदामाचा आकार काढला. कुणी त्यात काळी पट्टी भरली, कुणी अर्धं हृदय गिरवून टाकलं. तीन महिन्यांनी पाहिलं, तर ज्यांनी चित्रात जास्त इजा दाखवली होती ते कामावर उशिरा परतले होते. रक्ततपासणीत हृदयाच्या स्नायूला झालेली जी खरी इजा दिसते, तिच्यावरून हा अंदाज इतका चांगला बांधता येत नव्हता. पेट्री यांनीच दुसऱ्या एका प्रयोगात रुग्णालयातच रुग्णाशी या मनातल्या चित्राबद्दल बोलून गैरसमज दुरुस्त केले. असे रुग्ण लवकर कामाला लागले आणि त्यांच्या छातीत दुखण्याच्या तक्रारीही कमी राहिल्या. आपल्याकडे झटका येऊन गेलेल्या माणसाला नातेवाईक पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. माया खरीच असते, पण रुग्णाच्या मनातल्या चित्रात तिनं आणखी काळा रंग भरला जातो.

याच्या उलट टोकाला 'पॉझिटिव्ह राहा' असतं. कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण हे सांगून जातो. तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा पाठपुरावा करून जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट यावरून तो किती जगेल याचा अंदाज बांधता येत नाही. समूहात बसून बोलण्यानं आयुष्य वाढतं असा १९८९ मधला एक गाजलेला निष्कर्षही पुढच्या मोठ्या चाचणीत टिकला नाही. पण त्या चाचणीत बोलणाऱ्या रुग्णांच्या मनावरचा ताण आणि वेदना कमी झाल्या, हे टिकलं. म्हणजे मन मोकळं करायचं ते दिवस सुसह्य व्हावेत म्हणून. रडावंसं वाटलं तर रुग्णानं रडावं. त्यामुळे गाठ वाढत नाही. आधीच तंबाखूमुळे 'तूच ओढवून घेतलंस' हा आरोप डोक्यावर, त्यात आता खचलास तर तेही तुझ्यामुळेच, ही दुहेरी शिक्षा झाली.

त्या आरोपाचा आणखी एक तोटा होतो. लाजेपोटी रुग्ण तंबाखू लपवून खातो, डॉक्टरला 'सोडली' म्हणून सांगतो आणि मदत मिळण्याची वाटच बंद करतो. शिवाय घरात कुणीतरी हमखास म्हणतं, व्हायचं ते झालं, आता सोडून काय उपयोग? उपयोग मोजलेला आहे. हृदयरुग्णांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा धूम्रपान सोडणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं निदान लवकरच्या टप्प्यात झालेल्या ६५ वर्षांच्या रुग्णांबद्दल २०१० मधला अंदाज असा होता, की पाच वर्षं जगणारे ओढत राहिलेल्यांत ३३ टक्के असतील आणि सोडलेल्यांत ७०.

रिचर्ड डॉल यांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण शोधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता आणि ते स्वतः सिगारेट ओढत होते. आकडे समोर यायला लागल्यावर, काम पुरं होण्याआधीच, त्यांनी सिगारेट सोडली. पुढे १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवला आणि वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, २००४ मध्ये, त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी मरतात. तिशीला सोडणाऱ्यांना ती जवळजवळ सगळी दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीला सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, आणि साठीला सोडणाऱ्यांनासुद्धा तीन.